बाबांच्या इंजिनाचं हँडल

बोईसर, २४ मे १९८१

एडवणच्या कैलासवासी आत्माराम तांडेलांच्या मुलांनो,

म्हणजे दामू, तू आणि मी. बाबांना तिसरं कुणी नव्हतं. पण हे पत्र तुझी बायको जमना ओट्यावर बसून मोठ्याने वाचणार, आई शेजारी सुपारी कातरत असणार आणि तुझा खलाशी नवशा जाळं शिवता शिवता कान देणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांनाच धरून बोलतो.

आपल्या दोघांवर लहानपणी एकच अन्याय झाला. आपल्या बापाकडे मोटार होती आणि आपल्याला तिच्यात बसून कधी वेशीपर्यंतसुद्धा जाता आलं नाही. पालघरच्या शेठने मुंबईला बिऱ्हाड हलवताना आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे बाबांना, ती मॉरिस देऊन टाकली. बाबांनी ती चालवत एडवणला आणली आणि पुढच्या हंगामाआधी तिचं इंजिन उपसून होडीत बसवलं. गावातलं पहिलं इंजिन. गावाने बाबांना डोक्यावर घेतलं. आपल्या वाट्याला काय आलं? पडवीतलं टरफल. तू स्टेअरिंग फिरवायचास, मी तोंडाने भोंगा वाजवायचो आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. शाळेत पोरं विचारायची, आज मोटार कुठवर गेली? तेव्हा तू मारामारी करायचास आणि मी भाषण. दोघांचे धंदे तिथेच ठरले.

बाबा गेल्यावर टरफल मी बोईसरला आणलं, इंजिन तुझ्याकडे राहिलं. गेल्या शिमग्याला होळीपुढे मी बोललो की माझ्या भावाने मोटारीचं काळीज खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलंय. गाव हसलं. तू उठून गेलास, आणि तेव्हापासून मला तुझं तोंड दिसलेलं नाही. वाक्य चांगलं होतं म्हणून मी ते बोललो, हे मान्य. पण ते खोटं नव्हतं.

आता काम सांगतो. आमच्या कारखान्यातला फिटर चंद्रभान माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. त्याने कुर्ल्याच्या भंगारबाजारात अगदी त्याच जातीचं दुसरं इंजिन शोधलं आहे. ते मी तुला देतो, बाबांचं तू मला दे. पावसात होडी वाळूवरच असते, तुझा एक दिवसही बुडणार नाही. येत्या जानेवारीत मुंबईत जुन्या मोटारींचा मेळावा आहे. तिथले परीक्षक आधी बॉनेट उघडतात. इंजिनावरचा नंबर आणि मोटारीला कारखान्याने ठोकलेल्या पाटीवरचा नंबर जुळला तरच ती मोटार अस्सल. नाही जुळला, तर वरून कितीही रंग द्या, ते सोंग. पण मेळाव्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. आईला मोटारीतून केळव्याच्या शितळादेवीला न्यायचं बाबांनी कबूल केलं होतं. ती बैलगाडीतून गेली, एसटीतून गेली. मोटारीतून ती माझ्या शेजारी बसून जाईल आणि तू मागच्या सीटवर बसशील, हे मी ठरवलेलं आहे.

हो की नाही, एवढंच कळव.

तुझा दादा,
रामनाथ


बोईसर, २८ जून १९८१

दामू,

टेम्पो सुखरूप पोचला. तू इंजिन स्वतः बांधून दिलंस आणि गाठी अशा मारल्यास की चंद्रभानला दोर कापावे लागले. तो म्हणाला, नेताजी, आपका भाई गुस्सा भी रस्सी में बाँधता है. मी म्हटलं, आमच्याकडे तेवढंच बांधून देतात.

इंजिन आता माझ्या खोलीमागच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर बसलंय. आधी निळा रंग निघाला, तो तुझा. त्याखाली तांबडा, तो बाबांचा. त्याच्याही खाली, चिंधीने रॉकेल लावून हळूहळू पुसल्यावर, विलायतेतल्या कारखान्याचा मूळ हिरवट रंग. जिथे हात पोचत नाही अशा कोपऱ्यात तो अजून चकाकतोय. बोल्टांच्या डोक्यांवर कारखान्याची अक्षरं आहेत. बाजारातल्या बोल्टांवर ती नसतात. आणि नंबर! पितळी पट्टीवरचं मीठ खरवडलं, मोटारीची पाटी शेजारी धरली. जुळला. पहिल्या पाळीची बस आली होती, उतरलेले कामगार, आपला युनियनचा पुढारी कशावर खूश झालाय, ते बघायला आले. एकाने टोमणा मारला, मोटार कुणाची म्हणायची, मालकाची की कामगाराची? मी म्हटलं, ड्रायव्हरची. सगळ्यांना ते पटलं.

तुला दिलेल्या इंजिनाबद्दल सांगतो, कारण तुझ्या मनात असेल की दादाने आपल्याला भंगार दिलं. आयुष्यभर मी गेटवर उभा राहून एकच ओरडत आलोय, की कामगाराला नेहमी दुय्यम माल मिळतो. दुय्यम डाळ, दुय्यम औषध, दुय्यम बूट. मी तुला दुय्यम देईन? तुझ्या इंजिनात मी कारखान्याचेच भाग बसवले. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, कुशीत पाण्याच्या जागा बंद करणारी वाटीसारखी पत्र्याची बुचं असतात. ती बाजारातली चालली असती, पण मी चंद्रभानला परत कुर्ल्याला पाठवून मूळ कंपनीची, तेलकट कागदात गुंडाळलेली आणवली. चंद्रभान म्हणाला, होडीत कोण बघणार आहे? मी म्हटलं, मी बघणार आहे. जे मोटारीला, तेच होडीला.

एकच वस्तू राहिली. हँडल. इंजिन फिरवून चालू करायचं मोटारीचं मूळ हँडल तू टेम्पोत टाकलं नाहीस. ते ओतीव मुठीचं, आपण दोघं ज्याच्यावरून भांडायचो म्हणून बाबा आईच्या अंथरुणाखाली ठेवायचे, तेच. ते मोटारीसोबत कारखान्यातून आलेलं आहे. ते पाठव. होडीसाठी मी दुसरं घडवून देतो.

दादा


बोईसर, १९ ऑगस्ट १९८१

दामू,

जमनाचं कार्ड आलं. नारळी पुनवेला होडी पाण्यात लोटली, इंजिन पहिल्याच हँडलला लागलं, नवशा म्हणाला विलायतेचं माप हाय, हे वाचून बरं वाटलं. हँडल "दुसरं आल्याबिगर देनार नाय" हा तुझा निरोपही वाचला. दुसरं घडवायला टाकलंय. तू धीर धर, पण नीयत बदलू नकोस.

कार्डात तू आणखी एक गोष्ट विचारली आहेस. बाबांचा जस्ताचा गोळा. "तो पुनवेला इंजिनाला द्यावा लागतो, तो जुन्या इंजिनातच ऱ्हायला, तो धाडा."

मला तो सापडला. ब्लॉकच्या बगलेचं झाकण उघडलं तर आत पाण्याच्या वाटेत स्क्रूने आवळलेला, कुरतडलेल्या बोरासारखा. चंद्रभानला मी विचारलं, हा कारखान्याचा भाग आहे का? नाही. पुस्तिकेत नाही, चित्रात नाही. मला आठवलं. पुनवेच्या सकाळी बाबा दर्याला नारळ द्यायचे, इंजिनाला कुंकू लावायचे आणि जुना गोळा काढून नवा बसवायचे. "दर्याला नारळ, इंजिनाला जस्त. त्याला खायाला दिलं नाय तर तो दुसरं खातो." आपण हात जोडायचो.

दामू, तू आता बापाच्या वयाला आलास. इंजिनाला भूक नसते. दर्याला दात नसतात. मी या तालुक्यात गावोगाव अंगारेधुपारे, नवस, बळी यांच्याविरुद्ध बोललो, आणि माझ्याच घरच्या होडीत धातूचा नैवेद्य? तुझ्या रागाची मला पर्वा आहे, पण सत्याची जास्त आहे. तो गोळा मी भंगारात टाकला. तुला इंजिन विलायतेचं दिलंय, ते कुंकवाशिवाय चालेल.

बुचांचंही तेच. बाबांनी कारखान्याची काढून हाताने कापलेली पितळी बुचं ठोकलेली होती. ओबडधोबड. एकावर तर अक्षरं आहेत, "सौ. ठमी". आईच्या लग्नातल्या हंड्याचं बूड कापलंय! मूळ मोटारीवर अशी कारागिरी म्हणजे परीक्षकांसमोर नाक कापून घेणं. सगळी काढली, कंपनीची बसवली. पितळी डब्यात आहेत; आई म्हणाली तर तिच्या नावाचं तेवढं पाठवतो.

हँडलचं लक्षात ठेव.

दादा


बोईसर, ३० सप्टेंबर १९८१

दामू,

पत्राला उशीर झाला. गेटवर सभा होत्या, आवाज बसला आहे. मोटार जवळजवळ उभी राहिली. इंजिन तिच्यात बसलं, सुरू झालं. मी पहिल्यांदा तिच्यात बसून शेडच्या दारापर्यंत आलो आणि परत गेलो. चंद्रभानने पेढे वाटले.

तुझं बरं चाललंय ना? जवळा चांगला लागतोय असं बोईसरच्या बाजारातल्या बाया सांगत होत्या. एक सहज विचारतो. होडीत पाणी येतं का? म्हणजे नेहमीपेक्षा जास्त? इंजिनाखाली? लाकूड यंदा जास्त वाळलं होतं म्हणून विचारतो, दुसरं काही नाही.

आणि पाण्याच्या नळीतून परत बाहेर पडणारं पाणी, ते स्वच्छ असतं का? यालाही विशेष कारण नाही.

पालघरच्या वाचनालयात गेलो होतो. संपासंबंधी काही जुनं शोधत होतो, हाताला जहाजबांधणीचं पुस्तक लागलं. काय काय गोष्टी असतात माणसाला माहीत नसलेल्या. ते असो.

चंद्रभानच्या डब्यात कंपनीचं एक बूच उरलं होतं, तेलकट कागदातलं. मी ते पेल्यात खाडीचं पाणी घालून खिडकीत ठेवलंय. नुसता अभ्यास म्हणून. रोज पाणी बदलतो. पाणी रोज लाल होतं.

दुसरं हँडल घडून आलंय. ते मी पाठवणार नाही इतक्यात. थोडं काम बाकी आहे त्यावर. तू लांब जातोस की जवळच मारतोस? डोलीचं जाळं कुठे लावलं आहेस? जवळच लाव, दर वेळी खोल समुद्रात जायची काय गरज आहे. आणि शीड होडीत ठेवतोस ना? बाबा इंजिन असूनही शीड ठेवायचे.

जमनाला सांग, कार्ड लगेच टाक. पाण्याचं तेवढं विसरू नको.

दादा


बोईसर, १४ ऑक्टोबर १९८१

दामू,

जमनाचं कार्ड माझ्यासमोर आहे. ती लिहिते: "भाऊजी, तुमी इचारलं म्हनून सांगते. इंजिनाच्या बुडाशी तांबूस पानी जमतं. हे म्हन्तात फळीची फट हाय. डांबर-कापूस भरला. तरी येतं. नवशा म्हन्तो, नवी नवरी हाय, म्हायेराच्या आठवनीनं रडते. शीड आमी जवला सुकवायला वापरतो, फाटलं हाय."

फळीची फट नाही, दामू. ऐक. आजवर मी तुला खूप बोललो, त्यातलं बरंच मला बोलायला आवडतं म्हणून बोललो. हे तसं नाही.

खारं पाणी लोखंड खातं. बाबा म्हणायचे ते शब्दशः खरं होतं. होडीच्या इंजिनात दर्याचं पाणी फिरतं, मोटारीच्या इंजिनात विहिरीचं. मोटारीला कारखान्याने पोलादी पत्र्याची बुचं दिली ती विहिरीच्या पाण्यासाठी. बाबांनी ती काढून पितळी ठोकली, कारण पितळ दर्याला पुरून उरतं. आणि जस्त असं, की ते शेजारी असलं तर खारं पाणी आधी त्यालाच खातं, लोखंड वाचतं. जहाजांच्या पोटाला मुद्दाम जस्ताचे ठोकळे लावतात. पुस्तकात चित्र आहे. बाबांनी ते कुठे पाहिलं, कुणाला विचारलं, कुणास ठाऊक. शेठला घेऊन गोदीत जायचे तेव्हा असेल. पुनवेला बदलायचे म्हणजे वर्षातून एकदा न चुकता बदललं जाईल. तू त्याला देवाचं समजलास, मी अडाणीपणा समजलो. बाबा दोघांनाही समजले नाहीत.

तुझ्या इंजिनात आज जस्त नाही. कंपनीची, मूळ, अस्सल, तेलकट कागदातली बुचं आहेत. खिडकीतल्या पेल्यातलं बूच मी काल उचलून उजेडाकडे धरलं, त्यातून उजेड दिसला. सुईच्या टोकाएवढा. तुझं बूच गरम पाण्यात आहे, माझं थंड पाण्यात होतं. तांबूस पाणी म्हणजे बूच गळायला लागलंय. ते सुटलं की पंप दर्याचं पाणी थेट होडीत ओतणार, इंजिन तापून अडकणार, आणि तुझ्याकडे शीड म्हणून एक फाटकं कापड आहे ज्यावर जवळा वाळतोय.

होडी काढू नको. चंद्रभान येतोय पितळी बुचं आणि जस्त घेऊन. त्याला इंजिन उघडू दे. भर हंगाम आहे, मला कळतं. तरीही.

माझ्यावर रागव, पण याच्यावर नको.

दादा


बोईसर, शनिवार, २४ ऑक्टोबर १९८१

जमना,

हे पत्र तुझ्यासाठी आहे. ओट्यावर वाचू नको. चूल पेटवल्यावर आत बसून मनातल्या मनात वाच. चंद्रभान दुपारच्या एसटीने हे घेऊन निघतोय. त्याला दामूसमोर जाऊ देऊ नको, मागच्या दाराने चहा पाजून परत पाठव.

गेल्या आठवड्यात तो आला होता तेव्हाचं सगळं त्याने मला सांगितलं. दामूने त्याला होडीवर चढू दिलं नाही. चंद्रभानने पितळी बुचं दाखवली, हिंदीत हातवारे करून सांगितलं, माझं पत्र पुढे केलं. दामूने पत्र न उघडता कमरेला खोचलं आणि म्हणाला:

"पुढाऱ्याला सांग, आता मला भाषन नको. पयलं म्हनला मोटारीचं काळीज दे. दिलं. मंग बाबांचं जस्त फेकलंन आनि मला हसला. आता म्हनतो होडी काढू नको. त्याला हँडल पायजे, हँडल. होडी बंद पडली की हँडल मोकळं होईल. मी त्याचा भाव हाय, त्याची पब्लिक नाय."

नवशा हसला म्हणे. चंद्रभान हसला नाही.

जमना, मी हजारो माणसांसमोर बोललो आहे. पाच शब्दांत बंद पडलेला कारखाना मी चालू केला आहे आणि चालू असलेला बंद. माझ्या सख्ख्या भावाला मी आज एक खरं वाक्य पटवू शकत नाही, कारण आजवरचं माझं प्रत्येक पत्र हँडलपाशी येऊन थांबलं. त्याचं काय चुकलं? मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणून मी आता पटवणं सोडलं आहे. तुझ्याशी वाद घालत नाही. जे आहे ते सांगतो: त्या न उघडलेल्या पत्रात होतं की खारं पाणी इंजिनातली पत्र्याची बुचं खातंय, आणि ती सुटली की होडीत दर्या शिरेल.

मी स्वतः का आलो नाही, असं तुला वाटेल. बुधवारी मोटारीतून बाबांचं इंजिन परत काढलं. हो, काढलं. साखळी घसरली आणि इंजिन माझ्या पायावर आलं. गुडघ्यापासून प्लास्टर आहे, डॉक्टरने खाट सोडायची नाही म्हणून बजावलंय. आईला यातलं सांगू नको, पाय मुरगळला म्हण. इंजिनाला काही झालेलं नाही. चंद्रभानने त्यात बाबांची पितळी बुचं एकेक करून परत ठोकली. जस्त मी भंगारवाल्याकडे परत मागितलं होतं. त्याने वितळवलं होतं, म्हणून नवा गोळा ओतून घेतला. आईच्या नावाचं बूच मागच्या बाजूला बसलंय, जिथे बाबांनी बसवलं होतं, जी बाजू कुणाला दिसत नाही आणि जिथे हात घालून दुरुस्ती करता येत नाही. सगळ्यात मजबूत पितळ त्यांनी तिथे वापरलं होतं. मला तेव्हा त्यात फक्त कापलेला हंडा दिसला.

ते इंजिन आता होडीचं आहे. मोटारीच्या पाटीवर नंबर राहील, इंजिन राहणार नाही. जानेवारीला मी जात नाही. दामूला हे सांगितलंस तरी तो म्हणेल, नवं नाटक. म्हणून सांगू नको. टेम्पो सोमवारी सकाळी इंजिन घेऊन तुमच्या दारात उभा राहील. ते बघितल्यावर त्याला मी काही बोलायची गरज नाही.

प्रश्न उद्याचा आहे. चंद्रभान आला तेव्हा नवशा बोलून गेला होता की रविवारच्या भरतीला होडी काढायची. अवसेचं उधाण लागतंय, दिवाळीआधीचा जवळा आहे, सगळ्या होड्या जाणार. तोही जाणार. मी त्याला अडवू शकत नाही, तू बोलून अडवू शकत नाहीस, आणि आईने अडवलं तर तो म्हणेल दादाने पढवलंय. तुझ्या परवा आलेल्या कार्डात तू शेवटी लिहिलंस, "पानी आता ओंजळीनं नाय, डब्यानं काढतात." ते वाचल्यापासून मला दुसरं काही दिसत नाही. ते बूच उद्या टिकेल, परवाही टिकेल कदाचित. मला माहीत नाही. माझ्या पेल्यातलं बूच आज सकाळी मी दोन बोटांत धरलं आणि ते पापडासारखं तुटलं.

होडी हाताने ढकलून समुद्रात नेता येते, पण इंजिन हँडलशिवाय लागत नाही. त्या जातीच्या इंजिनाला बसेल असं हँडल एडवणमध्ये एकच आहे. दुसरं, मी घडवून घेतलेलं, माझ्या खाटेखाली पडून आहे आणि ते सोमवारपर्यंत तिथून हलणार नाही. इंजिन लागलं नाही तर उद्या तो शिव्या घालील, गाव हसेल, दिवाळीचा जवळा जाईल. शिव्या माझ्या नावाने घालू दे. तुझ्यावर आळ आला तर सांग, भाऊजींनी चोरायला लावलं. ते खरंच आहे. चार महिने मी ते हँडल मागतोय. आता मी ते चोरलं यावर सगळं गाव डोळे झाकून विश्वास ठेवेल. माझी एवढी एकच गोष्ट उद्या सगळ्यांना पटेल, तर ती उपयोगाला आण.

मला ते हँडल नको आहे, जमना. मोटारीला नको, मेळाव्याला नको. इकडे पाठवू नको.

दामू संध्याकाळी होडीवरून आला की जाळं उतरवतो, हँडल दाराआड उभं करतो आणि विहिरीवर जातो. तेवढा वेळ तुझ्याकडे आहे. उठ, ते हँडल उचल आणि आईच्या अंथरुणाखाली सरकव. तिथे तो कधीच हात घालणार नाही.

रामनाथ